घरच्या बागेंतील टोमॅटो : भरपूर फळणारी सरळ जात कशी निवडावी ?

गणपति बोळवून झाले, पावसाचा जोर ओसरला, कीं शहरांतील पुष्कळ घरांत एक लहानसा उद्योग सुरू होतो. गच्चीवरील रिकाम्या कुंड्या पुढें येतात, परसांतील दोन वाफे खणले जातात आणि घरांतील कोणी तरी बियाणांच्या दुकानांतून टोमॅटोची पुडी घेऊन येतें. पुडीवरचें चित्र मोठें मोहक असतें : एकसारखीं, गोल, लालभडक फळें, आणि तींही घोसाघोसानें लटकलेलीं. तीन महिन्यांनीं प्रत्यक्ष पदरांत पडतें तें मात्र बहुधा निराळें असतें. झाड पुरुषभर उंच होतें, पानें दाट येतात, परंतु फळें मोजून पांचसात. किंवा एकाच आठवड्यांत टोपलीभर फळें उतरतात आणि पुढें कांहीं नाहीं. मग खताला, पाण्याला, मातीला, शेजारच्या इमारतीच्या सावलीला दोष दिला जातो. ह्यांपैकीं कोणाचाही दोष असूं शकतो. परंतु पुष्कळदां खरी चूक पुडी हातांत घेतली त्याच क्षणीं झालेली असते. त्या वेळीं जात निवडली गेलेली नसते. चित्र निवडलें गेलेलें असतें.

‘भरपूर फळणारी जात’ ह्या शब्दांचा अर्थ शेतकऱ्याला आणि गृहिणीला एकच नसतो. शेतकऱ्याला माल शक्य तों एकदम हवा असतो. फळ टणक हवें, सालीला जाड हवें आणि गाडीच्या धक्क्यांत टिकणारें हवें. गृहिणीला ह्यांतील कांहींच नको असतें. तिला रोजच्या सारासाठीं, कोशिंबिरीसाठीं चारसहा फळें हवीं असतात, आणि तीं डिसेंबरपासून मार्चपर्यंत न चुकतां हवीं असतात. जिन्यावरून खालीं स्वयंपाकघरांत यावयाच्या फळाला जाड सालीचें प्रयोजन काय ? म्हणून घरच्या बागेंत उत्पन्न मोजावयाचें तें केवळ किलोंनीं नव्हे, तर आठवड्यांनीं मोजावें. जें झाड दहाबारा आठवडे थोडें थोडें देत राहतें तें, दोन आठवड्यांत सर्व देऊन मोकळें होणाऱ्या झाडापेक्षां, घराच्या दृष्टीनें अधिक फळणारें समजावें.

आंकड्यांची अपेक्षाही वाजवी असावी. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का विकास’ ही एक सुप्रसिद्ध सरळ जात आहे. तिचें उत्पन्न हेक्टरी ३५ ते ४० टन सांगितलें जातें. दोन ओळींत ९० सेंटिमीटर व दोन झाडांत ६० सेंटिमीटर अंतर धरलें, तर एका हेक्टरांत सुमारें साडेअठरा हजार झाडें बसतात. म्हणजे उत्तम मशागतीच्या शेतांतही झाडामागें सुमारें दोन किलो फळ पडतें. गच्चीवरच्या कुंडींतील झाडानें दहा किलो द्यावें अशी आशा धरणाऱ्यानें हा हिशेब एकदां करून पाहावा. पांच माणसांच्या कुटुंबास सहा ते आठ झाडें पुरीं होतात. तीं मात्र योग्य जातीचीं असावींत.

येथें ‘सरळ जात’ म्हणजे काय हें स्पष्ट करणें अवश्य आहे. टोमॅटोचें फूल आपलें लग्न बहुधा आपल्याशींच लावतें. त्याच्या पुंकेसरांची एक पिवळी नळी बनलेली असते; स्त्रीकेसर त्या नळीच्या आंत असतो, आणि वाऱ्यानें किंवा भुंग्याच्या गुणगुणण्यानें फूल हललें कीं परागकण त्याच्यावर पडतात. त्यामुळें स्थिर झालेल्या जातीचें बीं पेरलें कीं पुढची पिढी आईबापांसारखीच निपजते. हीच सरळ जात. संकरित बियाणांची गोष्ट वेगळी आहे. तेथें दोन निरनिराळ्या वाणांचा मुद्दाम, हातानें संकर करून बीं तयार करतात. त्याची पहिली पिढी जोमदार व एकसारखी येते; परंतु तिच्या फळांतील बीं पेरलें तर एक झाड उंच, एक बुटकें, एकाचें फळ गोल, एकाचें लांबट, असा प्रकार होतो. संकरित फळाचें बीं वांझ असतें हा जो समज आहे तो मात्र खरा नव्हे. तें उगवतें, फळतेंही. पण काय निघेल ह्याचा भरंवसा देतां येत नाहीं. म्हणून संकरित जात लावणाऱ्याला दर वर्षीं दुकानाची पायरी चढावी लागते. सरळ जात लावणाऱ्यास एकदांच चढावी लागते. पुढें बीं घरचें असतें.

ह्या सोयीचें मोल केवळ पुडीच्या किंमतीइतकें नाहीं. दुकानांत आज संकरित पुड्याच अधिक दिसतात. कोणी पेरीत नाहीं, कोणी बीं धरीत नाहीं, अशी सरळ जात कांहीं वर्षांत नाहींशी होते. कारण टोमॅटोचें बीं चांगलें ठेवलें तरी साधारण चारपांच वर्षेंच भरंवशानें उगवतें. एखादी जात जिवंत ठेवणें हें काम फार मोठ्या शेताचें नाहीं. तें चार कुंड्यांचेंही आहे.

बीं धरण्याच्या कामीं कोठें फसगत होते हें अमेरिकेंतील अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन ह्या गृहस्थाच्या अनुभवावरून कळून येतें. ओहायो प्रांतांतील रेनॉल्ड्सबर्गचा हा बियाणांचा व्यापारी. त्याच्या काळीं टोमॅटोचीं फळें बहुधा वेडींवांकडीं, खांचाखुंचांचीं व पोकळ असत. गुळगुळीत व एकसारखें फळ देणारी जात काढावी असा त्याचा ध्यास होता. प्रथम त्यानें सर्वांना सुचतो तोच मार्ग धरला : जें फळ सर्वांत सुंदर दिसेल त्याचें बीं राखावयाचें. वर्षांमागून वर्षें गेलीं, पण त्याच्या पदरीं निराशाच आली. सुंदर फळाच्या पोटीं पुन्हां वेडींवांकडीं फळें येत. शेवटीं एके दिवशीं त्याच्या नजरेस एक झाड पडलें. त्याचीं फळें लहान होतीं, पण त्यावरील एकूण एक फळ घाटदार होतें. त्यानें फळ निवडण्याचें सोडून तें झाड निवडलें. त्याचें बीं वेगळें ठेवलें आणि दर पिढींत अधिक मोठीं फळें देणारीं झाडें राखीत गेला. त्यांतून सन १८७० मध्यें ‘पॅरॅगॉन’ ही जात बाजारांत आली. टोमॅटोच्या इतिहासांत तिला मोठें स्थान आहे. १८९३ मध्यें लिहिलेल्या आपल्या पुस्तकांत त्यानें ही हकीकत नमूद केली आहे. तिचें सार एवढेंच कीं, फळाकडे पाहून नव्हे, झाडाकडे पाहून निवड करावी. घरच्या बागेलाही हा नियम जसाच्या तसा लागू आहे.

झाडाकडे पाहावयाचें तें प्रथम त्याच्या वाढीकडे. टोमॅटोच्या जातींचे ढोबळ मानानें दोन वर्ग आहेत. एक झुडपी, ह्यांचा शेंडा ठराविक उंचीवर फुलांत संपतो, झाड आटोपशीर राहतें आणि फळें थोड्या काळांत उरकतात. दुसरा वेलासारखा वाढणारा. ह्यांचा शेंडा पुढें पुढें जातच असतो, दर कांहीं पानांनंतर नवा घोस येतो आणि ऋतु अनुकूल असेपर्यंत फळें चालू राहतात. आपल्याकडे टोमॅटोस ‘वेलवांगें’ हें जें जुनें नांव आहे तें ह्या वाढीला शोभणारें आहे. ज्यांच्याजवळ अरुंद सज्जा आणि बाराएक इंचांच्या कुंड्या आहेत त्यांनीं झुडपी जात घ्यावी. पण दोन हप्त्यांत, वीस दिवसांच्या अंतरानें लावावी, म्हणजे फळांचा काळ आपोआप लांबतो. ज्यांच्याजवळ मोकळी गच्ची किंवा परस आहे त्यांनीं उंच वाढणारी जात घ्यावी. तिला पांचसहा फुटांची काठी, निदान वीस लिटर माती मावेल एवढी कुंडी आणि दर आठवड्यास बगलफूट खुडण्याची सवड द्यावी लागते. ही सवड ज्यांना नाहीं त्यांच्या गच्चीवर उंच जातीचें जंगल होतें, आणि फळ पानांत हरवतें.

दुसरी गोष्ट हवेची. टोमॅटो हा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या बाजूचा मूळचा रहिवासी. त्याला ऊन हवें, पण रात्र शीतल हवी. दिवसाची उष्णता ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेली, किंवा रात्रही उष्णच राहिली, कीं पराग निकामी होऊं लागतात. फुलें येतात आणि देठापासून गळतात. शिवाय ३० अंशांच्या पलीकडे फळाचा तांबडा रंग नीट चढत नाहीं. तें पिवळसर नारिंगीच राहतें. म्हणून महाराष्ट्रांतील घरच्या बागेस हिंवाळ्याचें पीक सर्वांत सोयीचें. गणपति गेल्यावर बीं टाकावें. पंचवीस-तीस दिवसांत रोपें चारपांच पानांचीं झालीं कीं दसऱ्याच्या आगेंमागें तीं लावावींत. म्हणजे नाताळाच्या सुमारास पहिलीं फळें दिसतात आणि संक्रांतीस झाड भरांत असतें. हीच जात वैशाखांत फळत नाहीं म्हणून तिला नांवें ठेवणें हें आंब्याला दिवाळींत फळ मागण्यासारखें आहे.

ह्याच कारणानें परदेशी जुन्या जातींच्या बाबतींत सावध राहावें. ‘ब्रँडीवाइन’सारख्या जातींचीं अर्ध्या किलोचीं फळें चित्रांत पाहून पुष्कळांचें मन ओढ घेतें. त्यांची रुचि उत्तम असते ह्यांत संशय नाहीं. परंतु मोठ्या फळांच्या जाती सामान्यतः उशिरां फळावर येतात, त्यांना फळें मोजकींच धरतात आणि उष्ण रात्रीं त्यांना फारशा मानवत नाहींत. पुण्या-नाशिकाच्या थंडींत हौसेखातर एखादें झाड लावण्यास हरकत नाहीं. मुंबईच्या दमट हवेंत घराची भिस्त तिच्यावर ठेवूं नये. उलट बोराएवढ्या फळांच्या, ज्यांना चेरी टोमॅटो म्हणतात त्या जाती पुष्कळ सोशीक असतात. एकेका घोसास दहापंधरा फळें लागतात, उष्णतेंतही त्या सहसा दगा देत नाहींत, आणि मुलें तीं झाडावरूनच खाऊन टाकतात. ह्या जातींत सरळ व संकरित दोन्ही प्रकार मिळतात; पुडी वाचून घ्यावी.

आतां कांहीं भरंवशाच्या सरळ जातींचा विचार करूं जातां पहिलें नांव ‘पुसा रूबी’ हें येतें. ‘सू’ ही अमेरिकन जात आणि ‘इंप्रूव्हड मेरठी’ ही देशी जात ह्यांच्या संकरांतून दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें ती स्थिर केली. ही संस्था मूळची बिहारांतील पुसा येथील. १९३४ च्या भूकंपानंतर ती दिल्लीस आली, आणि जुन्या गांवाचें नांव तिच्या जातींना चिकटून राहिलें. पुसा रूबीचें फळ चपटें, किंचित् कंगोऱ्यांचें व आंबट असतें. दूरच्या बाजारास तें सोसत नाहीं. पण लागणीपासून दोन महिन्यांच्या सुमारास तोडणीस येणारें हें झाड सारासाठीं व आमटीसाठीं नामी आहे. ज्या गुणामुळें व्यापारी तिला मागें सारतो, त्याची घरांत कांहींच अडचण नाहीं.

वर सांगितलेली ‘अर्का विकास’ ही ‘टिप टॉप’ नांवाच्या अमेरिकन जातींतून निवडलेली आहे. फळ ८० ते ९० ग्रॅमचें, चपटगोल. कच्चेपणीं खांद्याशीं हिरवट आणि पिकल्यावर गर्द लाल. उष्णता व पाण्याची ओढ ती बरीच सोसते. सबब गच्चीवरच्या तापणाऱ्या कुंड्यांस ती विशेष योग्य. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या ‘धनश्री’ व ‘भाग्यश्री’ ह्या जाती देशावरच्या हवेंत तयार झालेल्या आहेत. त्यांतील भाग्यश्रीच्या फळांत बिया कमी व तांबडें द्रव्य अधिक असतें. रस्सा दाट करण्यासाठीं किंवा सॉस करून ठेवण्यासाठीं गराचीं, लांबट फळें हवीं असतील, तर १९५५ च्या सुमारास अमेरिकेच्या शेतकी खात्यानें काढलेली ‘रोमा’ ही झुडपी जात अजूनही उपयोगी पडते. तिचीं फळें बरींचशीं एका वेळीं पिकतात, आणि सॉससाठीं तेंच सोयीचें असतें.

कोंकण व गोवा येथें मात्र निवडीचा पहिला निकष फळ नसून मर रोग हा आहे. तांबड्या, आम्ल जमिनींत व दमट हवेंत ह्या रोगाचे जंतु मातींत टिकून राहतात. काल टवटवीत असलेलें झाड आज हिरवें असतांनाच माना टाकतें. रोगाची ओळख सोपी आहे : खोडाचा बुंध्याकडील तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यांत लोंबता धरावा, कांहीं मिनिटांत दुधासारखी धार खालीं उतरूं लागली कीं मर रोग समजावा. तेथें औषधांवर पैसे घालवूं नयेत. ‘अर्का आभा’ व ‘अर्का आलोक’ ह्या बंगळूरच्या, किंवा केरळ कृषि विद्यापीठाची ‘शक्ति’, ह्या सरळ जाती मर रोगास दाद न देणाऱ्या म्हणून तयार केलेल्या आहेत. त्यांपैकींच एखादी घ्यावी, आणि वांगीं, मिरची किंवा बटाटे जेथें नुकतेच काढले तेथें टोमॅटो लावूं नये. तीं सर्व एकाच कुळांतलीं व त्याच रोगास बळी पडणारीं आहेत.

सरळ जातींचा पक्ष घेतांना त्यांचें उणें झांकून ठेवणें बरें नव्हे. पांढऱ्या माशीमुळें पसरणारा बोकड्या, म्हणजे पानें आंखडून झाड खुजें करणारा रोग, पुष्कळ जुन्या सरळ जातींचा घात करतो. ‘अर्का रक्षक’सारख्या संकरित जाती बोकड्या, मर व करपा ह्या तिन्ही रोगांस तोंड देण्यासाठीं तयार केलेल्या आहेत, आणि त्या बाबतींत त्यांची बरोबरी जुन्या जातींना करतां येत नाहीं. ज्या घरीं दर वर्षीं बोकड्यानें सर्व झाडें जातात त्या घरानें निम्मीं झाडें संकरित लावलीं तर त्यांत कमीपणा नाहीं. इतरांनीं रोपें लहान असतांना त्यांवर बारीक जाळीचें किंवा जुन्या मलमलीचें आच्छादन घालावें, आणि आंखडलेलें झाड दिसतांच उपटून टाकावें. दया दाखवून ठेवलेलें एक रोगट झाड बाकीच्या सातांना घेऊन जातें.

इतकें ऐकूनही कोणती एक जात घ्यावी, हा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर पुस्तकांत नसून ज्याच्या त्याच्या गच्चीवर आहे. पहिल्या वर्षीं दोन जाती घ्याव्यात, तीनही पुष्कळ झाल्या. प्रत्येकीचीं तीन तीन झाडें, सारख्या कुंड्यांत, सारख्या मातींत, सारख्या उन्हांत लावावींत. उन्ह निदान सहा तास हवें. त्याहून कमी असेल तर कोणतीही जात परीक्षेस उतरणार नाहीं. बंद सज्जांत वारा नसल्यास सकाळीं नऊ ते बाराच्या दरम्यान फुलांच्या घोसास बोटानें हलकी टिचकी मारावी. मग स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर, ज्या दिवशीं ज्या जातीचीं जितकीं फळें उतरलीं तो आंकडा टिपावा. मार्चअखेर बेरीज केली कीं कोणती जात किती आठवडे पुरली हें दिसेल. त्यांत घरच्यांचें रुचीचें मत मिळवावें, म्हणजे निवड झाली.

आणि त्याच वेळीं बीं धरावें. सर्वांत मोठें फळ कोणतें हें पाहूं नये. सर्वांत निरोगी, लवकर फळलेलें आणि अखेरपर्यंत देत राहिलेलें झाड कोणतें तें पाहावें. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसावर फुलें उमलण्यापूर्वींच मलमलीची पिशवी बांधली तर परका पराग मिसळण्याची भीति राहत नाहीं. फळ धरल्यावर ती काढून तेथें रंगीत दोरा बांधावा. फळें पूर्ण पिकूं द्यावींत. मग बिया बुळबुळीत गरासह कांचेच्या भांड्यांत काढून एकदोन दिवस आंबूं द्याव्या. बियांभोंवतींच्या त्या गरांत उगवण रोखणारें द्रव्य असतें. तें अशा रीतीनें सुटतें. नंतर पाणी घालून ढवळावें. सकस बिया तळाशीं बसतात. वर तरंगेल तें ओतून द्यावें. बिया बशींत पसरून सावलींत वाळवाव्या, कागदावर वाळवूं नयेत, कारण त्या चिकटून बसतात. पाकिटावर जातीचें नांव व साल लिहून तें घट्ट झांकणाच्या बाटलींत कोरड्या जागीं ठेवावें.

ह्यानें जातीचें रूप दरसाल पालटत जाईल अशी अपेक्षा मात्र करूं नये. स्थिर झालेल्या सरळ जातींत फरकास वाव थोडाच असतो. अशा निवडीनें साधतें तें हें कीं, भेसळ व रोगट झाडें बाजूस पडतात आणि जात शुद्ध राहते. लिव्हिंग्स्टनप्रमाणें एखादें विलक्षण झाड नजरेस पडण्याचें भाग्यही, लागलेंच तर, दर वर्षीं झाडें न्याहाळणाऱ्यासच लागावयाचें.

पुढच्या भाद्रपदांत त्या घरीं दुकानची पुडी येत नाहीं. बाटली उघडली जाते, पाकिटावरील स्वतःचेंच अक्षर वाचलें जातें, आणि त्यांतील चिमूटभर बीं शेजारच्या बिऱ्हाडीं जातें. त्या पाकिटावर चित्र नसतें. त्याची गरजही उरलेली नसते, कारण आंत काय आहे हें देणाऱ्यानें संबंध हिंवाळाभर पाहिलेलें असतें.